निळा हातमोजा

पट्टा बंद पडलेल्या व्यायामशाळेतून आणला.
त्यावर पळून कुणी कुणी पोट उतरवलं असेल,
आता दुधाच्या रिकाम्या पिशव्या
सावकाश चालत जातात.

कॅमेरा जुन्या फोनचा. काचेला तडा आहे,
पण चौकटीच्या बाहेर, म्हणून चालतंय.
सांगाडा मिल्तोनने जोडून दिला,
ठिणग्यांनी माझी एक विजार गेली.
दिवा तेवढा नवा घेतला,
कारण नेल्बा म्हणाली, दिव्यात चिकटपणा नको,
अंधारात मीसुद्धा फसते.

मॉन्टेव्हिडिओच्या उत्तरेला
बसचा शेवटचा थांबा संपल्यावरही
रस्ता कुणाला न विचारता थोडा पुढे जातो,
तिथे आमची पत्र्याची शेड.
जुलै. इथे जुलैत दात वाजतात.
नेल्बाचा घोडा गेल्या वर्षी महापालिकेने नेला,
बदल्यात तीनचाकी दिली.
दारात उभी करताना
ती अजून तिला चुचकारते, सवयीने.

तीन हजार आठशे फोटो.
ती वस्तू धरायची, मी बटण दाबायचो
आणि विचारायचो, हे काय?
बाटली दाबून कानाशी नेत ती सांगायची:
कुरकुरली की या पोत्यात, गप्प राहिली की त्या.
मी लिहून घ्यायचो.
कॅमेऱ्याला कान नाहीत, हे तिला सांगितलं नाही.

सगळ्यात छळलं मातेच्या चोथ्याने.
हे शहर दिवसभर तो कडू पाला नळीने ओढतं
आणि संध्याकाळी ओला हिरवा चोथा
सगळ्या कचऱ्यावर उपडा करतं.
यंत्र म्हणे, माती.
मी म्हणे, माते.
असं दोन आठवडे.

मग आकडा आला: शंभरात शहाण्णव.
मी नेल्बाला मिठी मारली,
अंगाला वास येतो माझ्या, म्हणत तिने ढकललं.

मंगळवारी पट्टा सुरू केला.
बाटली गेली. पुठ्ठा, म्हणालं.
डबा गेला. पुठ्ठा.
काचेची बरणी, मोडकी बाहुली,
पुठ्ठा, पुठ्ठा.

रात्री उघडून बघितलं, ते बघतंय कुठे.
नजर जिथे, तिथे पडद्यावर लाल डाग पडतो.
बाटलीवर डाग नव्हता.
डाग होता तिच्या उजव्या हातावर,
निळ्या हातमोज्यावर.
प्लास्टिक ती उजव्याने उचलते.
कागद-पुठ्ठा डाव्याने, उघड्या,
कारण ओल बोटांनाच कळते.
एवढे दिवस मी वस्तू दाखवत होतो
आणि ते हात वाचत होतं.

सांगितलं तर ती खोकला लागेपर्यंत हसली.
माझंही असंच, म्हणाली, दुसरीत.
फळ्याकडे कोण बघतंय,
बाईंचा चेहरा बघून उत्तर द्यायचे.
पास झाले की!

अनुदानाच्या अर्जात एक रकाना आहे:
यंत्रामुळे किती हात वाचतील?
तो अजून कोरा आहे.

पुन्हा फोटो. या वेळी हात नाही,
ती काठीने वस्तू पुढे सारते
आणि काठीला शिव्या देते.
आता शंभरात एक्क्याऐंशी.
हवेचा फवारा फस्स करतो, बाटली उडते,
बहुतेक वेळा बरोबर पोत्यात.

काल पट्टा चालू असताना
तिने हातमोजा काढला, नाक शिंकरायला,
आणि ठेवला नेमका त्यावरच.
तो दिव्याखाली आला, पाची बोटं मिटून.
यंत्र थबकलं. वीस टक्के हे, बावीस टक्के ते.
फस्स.
'इतर'च्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
तिने तो उपसला, झटकला, घातला.
अंगठ्याला चोथा लागला होता.